पन्हळीतले हुकूम

आबांना ऐकू येत नाही हे आम्हा तिघांनाच माहीत होतं: आबांना, मायला आणि मला. घरात माणसंही तेवढीच. त्यामुळे घरात ते गुपित नव्हतं. दार उघडलं की व्हायचं.

तापीवर पुलाचं काम चाललं होतं आणि आबा तिथे विंचवर, म्हणजे तारेचा दोर ओढणाऱ्या यंत्रावर होते. पुलाच्या खांबांसाठी नदीच्या वाळूत काँक्रीटच्या मोठ्या गोल विहिरी उतरवतात. विहिरीच्या पोटातली वाळू उपसत गेलं की ती स्वतःच्या वजनाने खाली बसत जाते. वाळू उपसायला तारेच्या दोरावर लोंबणारा लोखंडी पंजा असतो. तो खाली सोडायचा, मिटायचा, वर ओढायचा, बाजूला फिरवायचा, उघडायचा. हे सगळं काठावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून विंचचा माणूस करतो. पंजा विहिरीत गेला की त्याला काही दिसत नाही. त्याला फक्त ड्रमवर गुंडाळला जाणारा दोर दिसतो आणि त्यावर तांबड्या रंगाने केलेल्या खुणा. काय करायचं ते विहिरीवरचा माणूस सांगतो.

सुरुवातीला हे सांगणं निशाणांनी चाले. हिरवं वर, तांबडं खाली, आडवं धरलं की थांब. आबांची नजर फार चांगली होती. नदीपलीकडच्या केळीच्या बागेत कोण वाकलंय ते ते ओळखत. निशाणांच्या दिवसांत त्यांच्या कानांची कुणाला गरजच पडली नाही. शेडमध्ये डिझेल एंजिनाचा असा आवाज असे की धड कानांची माणसंही तिथे हातवारे करूनच बोलत. आबा सगळ्यांसारखेच दिसत.

त्याआधी ते भुसावळला रेल्वेत होते, रुळावरून घसरलेले डबे उचलायच्या क्रेनवर. मला त्यांनी तिथल्या नन्सच्या इंग्रजी शाळेत घातलं, आणि मी शेवटच्या इयत्तेत असताना नोकरी सोडली. लोकांना ते नवल वाटलं. आम्हाला नाही. रेल्वेत ठरावीक वर्षांनी डोळे आणि कान तपासतात. पुलाच्या ठेकेदाराकडे तपासणी नव्हती. त्याला हात बघायचे होते, आणि हात आबांचे चांगले होते. पंजा ते इतका हलका टेकवत की खालच्या गड्यांना दोर सैल पडल्यावर कळे. तरण्या वयापासून त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. लिव्हर हातातून गेली तर हा माणूस घरात बसून काय करील, हा विचार माय कधी बोलून दाखवत नसे, पण करत असे.

शाळा संपवून मी पुलाच्या कामावरच्या पत्र्याच्या क्वार्टरमध्ये आई-वडिलांकडे राहायला आले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती आणि नदी वाळूत आखडली होती. पुढे काय करायचं ते ठरलं नव्हतं. मला कुणाशी बोलायचा कंटाळा होता. माझं मराठी पुस्तकी, अहिराणी लहानपणची, आणि इंग्रजी तिथे कुणाच्या उपयोगाचं नाही, असं मला वाटे.

मग पुढची विहीर आधीच्या खांबाच्या मागे आली. शेडमधून ती दिसेना. कामावरच्या इंजिनिअर साहेबांनी लष्कराच्या जुन्या सामानातले दोन टेलिफोन आणले, चामडी पेटीतले, हँडल फिरवून घंटी द्यायचे. एक विहिरीवर, एक शेडशेजारच्या फळ्यांच्या खोलीत. मध्ये एकच तार. निशाणं गुंडाळून ठेवली गेली.

त्या संध्याकाळी मायने भाकरी थापता थापता विचारलं, "आते काय व्हई?" तिचं तोंड चुलीकडे होतं. मी आबांच्या गुडघ्याला हात लावला, त्यांनी वर पाहिलं, आणि मी ओठांनी तेच पुन्हा म्हटलं. जवळून, तोंडाकडे पाहून त्यांना बरंच कळे.

आबा म्हणाले, "पोर शे ना घरमा. इंग्रजी बोलस ती."

साहेब दक्षिणेकडचे. मराठी त्यांना येत नव्हतं आणि हिंदी एकदोन शब्दांपलीकडे जात नसे. फोनवर दर वेळी त्यांचं इंग्रजी समजून घेणारं माणूस हवंच होतं. आबांनी हातवाऱ्यांनी आणि मुकादमाच्या तोंडून त्यांना मला सुचवलं, आणि मी टेलिफोनच्या खोलीत बसू लागले. साहेबांना वाटलं, म्हाताऱ्याला इंग्रजी येत नाही म्हणून मुलगी. तेवढं खरंच होतं.

पहिल्या दिवशी सगळं फसलं. माझी खोली आणि शेड यांच्यामध्ये फळ्यांची भिंत, तीत एक छोटी खिडकी. मी हुकूम ऐकून खिडकीतून हात बाहेर काढायची आणि बोटांनी वर-खाली दाखवायची. पण ते बघायला आबांना दोरावरची नजर काढावी लागे. पंजा दोनदा विहिरीच्या काठाला घासला. शिवाय साहेब एकेक हुकूम देत नसत. त्यांना विहिरीवर शंभर कामं. ते सगळं एका दमात सांगत, "खाली, मीट, वर, फिरव, उघड, परत फिरव," आणि फोन ठेवून देत. बोलायला जेवढा वेळ लागे त्याच्या कितीतरी पट वेळ पंजाला हलायला लागे. उरलेले हुकूम मला तोंडातल्या तोंडात धरून बसावं लागे. मधेच नवी घंटी वाजली की आधीचे विसरत.

"तिकडे सगळे झोपलात का?" साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही, सर." माझा आवाज फोनवर किती बारीक येतो ते तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, कारण त्यांनी मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

पन्हळ आबांनी केली. छपराच्या उरलेल्या पत्र्याची पट्टी दारात बसून लाकडी दांडक्यावर वाकवली, कडा घासल्या, आत ग्रीसचा हात फिरवला. एक टोक माझ्या खिडकीत, दुसरं उतरतं होऊन त्यांच्या डाव्या हाताशी. डोळे दोरावरून हलवायचे नव्हते आणि कान नव्हते. उरली बोटं. मी पन्हळीत वस्तू सोडायची, ती घरंगळत किंवा घसरत त्यांच्या हाताशी जाऊन थांबायची. नट म्हणजे वर. वायसर म्हणजे खाली. सुपारी म्हणजे पंजा मीट, चिंचोका म्हणजे उघड. छोटा बोल्ट म्हणजे फिरव. काचेची गोटी म्हणजे थांब. एक हुकूम झाला की ती वस्तू ते पायाशी ठेवलेल्या डब्यात टाकत आणि मागची आपोआप पुढे येई. साहेबांनी एका दमात कितीही सांगितलं तरी आता मला ते तोंडात धरायला नको होतं. ऐकलं की सोडायचं. रांग पन्हळ सांभाळत होती.

घरी सराव झाला. आबा डोळे मिटून बसले आणि माय पन्हळीत एकेक वस्तू सोडू लागली. आबा मोठ्याने म्हणत, "वर. मीट. वर. फिरव." मग त्यांची बोटं थांबली. त्यांनी वस्तू नाकाशी नेली.

"ह्या लसूणना काय हुकूम शे?"

माय इतकी हसली की पदर तोंडात धरावा लागला. "जेवाले ये," ती म्हणाली, आणि ते त्यांनी ऐकलं नाही तरी डोळे उघडून ताटावर बसले.

पन्हळ चालली. इतकी चांगली चालली की मला थकवा जाणवायला वेळ मिळाला. सकाळी एंजिन सुरू झालं की दुपारच्या भाकरीपर्यंत आणि भाकरीनंतर उजेड असेपर्यंत. रिसीव्हर तापून कानाला चिकटे. तारेतून साहेबांचा आवाज येई आणि त्यामागे वाऱ्याचा आणि वाळूचा. मी त्यांना प्रत्येक हुकूम परत म्हणून दाखवत असे, ते "हो" म्हणत, मग मी वस्तू सोडत असे. खाली, मीट, वर. दिवसभरात माझ्या तोंडून दुसरा शब्द निघत नसे. घरी आल्यावर मायने काही विचारलं तरी मी मान हलवत असे. माय म्हणे, "बापना कान गयात, पोरनी जीभ गई."

विहिरीवर एक पाणबुड्या होता. नदीकाठच्या गावातला भोई, मध्यमवयाचा, अंगाला मासळीचा आणि विडीचा वास. पंजा खाली कशाला अडला तर दोराला धरून पाण्यात उतरून हाताने चाचपायचं, हे त्याचं काम. काम नसलं की तो शेडच्या सावलीला येऊन बसे आणि माझ्या खिडकीत डोकावे.

"बेटी, तुनी पन्हळमा एक विडी बी सोड ना मन्हा करता."

तो त्याचं उत्तर स्वतःच देई. "नही? विडीना हुकूम नही का? मंग कसाना साहेब तो!" आबांशी तो हातवारे करूनच बोले, पण तिथे सगळेच तसं बोलत. त्याला काही कळलं होतं का, हे मला अजून माहीत नाही.

एके दिवशी साहेब होडीने अलीकडे आले आणि पन्हळीपाशी उभे राहून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी मला विचारलं, "हे कुणी सुचवलं?"

"माझ्या वडिलांनी, सर."

"छान आहे." त्यांनी पन्हळीतला नट उचलून परत ठेवला. "समज पन्हळीत चार हुकूम पडलेत आणि मी म्हणालो थांब. मग?"

"मग मी गोटी सोडीन."

"गोटी कुठे जाईल?"

"त्या चारांच्या मागे."

"म्हणजे तुझे वडील चार कामं करतील आणि मग थांबतील." ते माझ्याकडे पाहत होते, पण रागाने नाही. "म्हणजे ते थांबणं नव्हे. थांब रांगेत उभं राहू शकत नाही."

पुढच्या खेपेला त्यांनी भोंगा आणला. हाताने फिरवायचा, लढाईच्या काळातला. तो विहिरीवर बसवला. आता थांबायचं असलं की फोन नाही, पन्हळ नाही. भोंगा वाजला की विंचचा माणूस आहे तिथे थांबणार. पन्हळीतली गोटी त्यांनी खिशात घालून नेली.

भोंग्याची चाचणी झाली तेव्हा पलीकडच्या शेतातले बगळे उडाले. आबा दोर बघत होते. मी धावत शेडमध्ये गेले आणि त्यांच्या कोपराला हात लावला. त्यांनी लगेच ब्रेक दाबला. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असेल की भोंगा ऐकूनच थांबले.

त्या रात्री घरी जेवणं झाल्यावर माय भांडी घासायला बाहेर बसली आणि राखेच्या हाताने कपाळावरचे केस सारत म्हणाली, "तो भोंगा तं शहादाले बी ऐकू जाई. आन याले नही." याले म्हणजे आबांना. ती त्यांच्याबद्दल असं बोले, पण आवाज खाली आणून, जणू त्यांना ऐकू जाईल.

आबांनी मला सुतळीचा तुकडा आणायला सांगितलं. एक टोक त्यांनी सदऱ्याच्या बाहीखाली डाव्या कोपराला बांधलं. दुसरं फळीतल्या गाठीच्या भोकातून माझ्या खोलीत आलं. भोंगा वाजला की मी एकदा ओढायचं, ते थांबणार. पुन्हा चालू म्हणून साहेबांनी फोनवर सांगितलं की दोनदा ओढायचं. रेल्वेत असताना ते एकाच नियमाने काम करत आले होते: हुकूम द्यायचा एकाने, आणि दिलेला हुकूम टाकायचा नाही. घसरलेला डबा अर्धवट उचलून सोडता येत नाही. त्यांनी मला हे लहानपणी सांगितलं होतं तेव्हा मला ते शिस्तीचं वाटलं होतं.

सुतळी मी तर्जनीला गुंडाळून बसू लागले. त्यानंतर मला स्टुलावरून उठता येईना. पाणी प्यायला नाही, मान मोडायला नाही. रिसीव्हर एका कानाला, दुसरा कान भोंग्याकडे, एक हात पन्हळीत आणि एका बोटाला बाप. भोंगा क्वचितच वाजे, पण तो वाजेल म्हणून मी सतत ताठ असे. घरी चुलीवर तवा वाजला तरी बोट ओढलं जाई. बोटाच्या पेराला खाच पडली. मला कशाचं भय आहे ते कुणाला सांगता येत नव्हतं. पंजा कुणावर पडेल याचं, की आबांचं उघड होईल याचं. दोन्ही एकाच सुतळीला होती.

थंडी सरून उन्हं चढली. नदीतून मिरची लादलेल्या गाड्या नंदुरबारच्या बाजाराकडे जात तेव्हा साऱ्या शेडला ठसका लागे. काम घाईचं झालं होतं, पुराआधी विहीर तळाला लागायला हवी होती. साहेब आता हुकूम आणखी लांब देत. एकाच फोनमध्ये पंजाची पूर्ण फेरी आणि पुढच्या फेरीची सुरुवात.

त्या दिवशी त्यांनी असंच सांगितलं. खाली, मीट, वर, फिरव, उघड, परत फिरव, आणि पुन्हा खाली. मी परत म्हणून दाखवलं. वायसर, सुपारी, नट, बोल्ट, चिंचोका, बोल्ट, वायसर. सगळ्या वस्तू पन्हळीत गेल्या. आबांनी फेरी केली, वाळू ओतली, पंजा परत विहिरीच्या तोंडावर आणला, आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

मी सुतळी ओढली. आबा थांबले. पंजा विहिरीच्या तोंडावर उघडा लोंबत राहिला.

साहेब फोनवर आले. विहिरीच्या आतल्या अंगाला पाण्याखाली काहीतरी आडवं आलंय, झाडाचा बुंधा असावा, पाणबुड्या शिडीने आत उतरलाय. "पंजा त्याच्या डोक्यावर आहे. थोडा वर घ्या. चालू."

मी म्हटलं, "वर. चालू." पन्हळीत नट सोडला आणि सुतळी दोनदा ओढली.

पन्हळीचं खालचं टोक मला खिडकीतून दिसत नसे. तिथे आधीच्या हुकमातला शेवटचा वायसर पडून होता. भोंग्याने पंजा थांबला, पण रांग तशीच राहिली. तिचं काय करायचं हे ना साहेबांनी ठरवलं होतं, ना आबांनी, ना मी. आबांच्या बोटांना वायसर लागला. तो साहेबांचा हुकूम होता आणि राहिलेला होता. नट त्याच्या मागे होता. आबांनी आधी वायसर उचलला.

ड्रम उलटा फिरताना मी ऐकला. एंजिनाचा आवाज बदलतो. मग भोंगा वाजला, आणि वाजतच राहिला, आणि रिसीव्हरमध्ये साहेब आणि त्यांच्यामागे सगळी विहीर ओरडत होती. मी सुतळी इतकी ओढली की आबांचा हात लिव्हरवरून मागे आला. त्यांनी ब्रेक दाबला आणि पन्हळ लागल्यापासून पहिल्यांदाच कामाच्या मध्ये मान वळवून माझ्याकडे पाहिलं. काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं. माझा चेहरा पाहून कळलं असावं, कारण त्यांनी डब्यात टाकलेला वायसर पुन्हा बाहेर काढून हातात धरला.

पाणबुड्या वाचला. पंजा येताना पाहून तो शिडीला चिकटला, पण पंजाच्या कडेने त्याचा खांदा भिंतीशी दाबला गेला आणि हाड मोडलं. त्याला वाळूतून खाटेवर घालून नेलं आणि मग ट्रकमधून नंदुरबारला. शेडसमोरून जाताना त्याचे डोळे उघडे होते. विडी तोंडात होती, पेटवलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. एंजिन बंद होतं. त्यांनी मुकादमाला आणि गड्यांना बाहेर जायला सांगितलं आणि शेडमध्ये आम्ही तिघंच राहिलो. एंजिनाशिवाय ती जागा फार मोठी वाटत होती.

"भोंगा वाजला तो तू ऐकलास?" साहेबांनी मला विचारलं.

"हो, सर."

"दोन्ही वेळा?"

"हो."

"दुसऱ्या वेळी तो वाजत असताना पंजा खालीच येत होता. बराच वेळ." त्यांनी पन्हळ खिडकीतून उचकटून हातात घेतली. तिचं ग्रीस त्यांच्या बाहीला लागलं. "ह्या खेळण्याला मी हो म्हणायलाच नको होतं. खाली हा हुकूम पन्हळीत तू टाकलास?"

टाकला होता. त्यांनीच सांगितल्यावरून, थांबायच्या आधी, पण मीच. नुसतं हो म्हटलं आणि पुढे काही बोलले नाही तर गोष्ट तिथेच संपणार होती. दोष पन्हळीचा आणि माझा. मला घरी बसवतील, दुसरा कुणी इंग्रजी जाणणारा आणतील. त्याच्यापुढे आबांचं किती दिवस निभावेल, हे मला कळत होतं. पण आज निभावेल. आजच्या पुढे विचार करायची माझ्यात ताकद राहिली नव्हती.

मी मान हलवली. "हो, सर."

आबा माझ्या तोंडाकडे पाहत होते. इंग्रजी त्यांना ओठांवरून कळत नव्हतं, पण मान कळत होती. साहेबांच्या हातातली पन्हळही दिसत होती.

"साहेब," ते म्हणाले, "मला ऐकू येत नाही. भोंगाही नाही."

आपला आवाज किती लागतो याचा आबांना अंदाज नसे, एरवी ते मोठ्याने बोलत. त्या वेळी तो इतका खाली आला की मलाही जेमतेम ऐकू आला. बाहेर कुणाला गेला नाही. साहेबांना मराठी कळलं नाही. ते माझ्याकडे वळले आणि मी सांगायची वाट पाहू लागले.

मी आबांकडे वळले. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हटलं, "नको, आबा."

"सांगी दे."

"आबा, नको ना."

"मन्हा हुकूम शे, पोर. टाकू नको."

मी काहीही सांगू शकले असते. वडील म्हणतात माफ करा. वडील म्हणतात पुन्हा होणार नाही. त्या दोघांमध्ये मीच एक तार होते आणि दुसरं कुणी ऐकत नव्हतं. आबांना हे माहीत होतं. तरी ते माझ्या ओठांकडे बघत नव्हते. त्यांनी मान वळवून ड्रमवरच्या दोराकडे पाहायला सुरुवात केली होती, काम चालू असताना पाहत तसं.

मी सांगितलं. इंग्रजीत ते वाक्य फार लहान झालं.

साहेबांनी हातातली पन्हळ खाली ठेवली. मग "कधीपासून?" म्हणाले, आणि मी आबांच्या समोर जाऊन तेच विचारलं. "निशाणांच्या आधीपासून," आबा म्हणाले, आणि सदऱ्याची बाही वर सारून कोपराची सुतळी सोडू लागले. गाठ घट्ट बसली होती. आदल्या दिवशी मी ओढल्याने ती जागा काळीनिळी झाली होती. साहेबांनी सुतळी कुठे जाते ते बोटाने भिंतीपर्यंत बघितलं, भोकातून पलीकडे डोकावून बघितलं. मग म्हणाले, "त्यांना सांग, त्यांच्यासारखा हात मी पाहिलेला नाही. आणि सांग की आजपासून त्यांनी विंचवर बसायचं नाही." मी दोन्ही सांगितलं, त्याच क्रमाने. आबांनी दोन्हीला मान डोलावली.

नवा विंचवाला सुरतेकडून आला. त्याला पन्हळ दाखवली तेव्हा तो हसला, मग एंजिन सुरू झाल्यावर हसायचा थांबला, कारण त्या आवाजात त्यालाही माझं काही ऐकू येईना. पन्हळ परत लागली. साहेबांनी तिला मधोमध बिजागरी बसवून घेतली. भोंगा वाजला की मी दोरी ओढायची आणि सगळी पन्हळ उलटी होऊन तिच्यातले हुकूम जमिनीवर सांडायचे. त्यानंतरच नवे घ्यायचे. दुसरा माणूस मिळेपर्यंत मी तिथे बसले. सांडलेले नट-वायसर गोळा करताना मला फार थकायला होई.

नंदुरबारला जाऊन आबा आणि मी पाणबुड्याला पाहून आलो. तो खाटेवर उशीला टेकून बसला होता, खांदा बांधलेला. आबा त्याच्यासमोर उभे राहिले आणि त्यांना काय म्हणावं ते सुचेना. पाणबुड्याने त्यांना नीट दिसावं म्हणून तोंड मोठं उघडून म्हटलं, "आबा, तुमना कान गयात, मन्हा खांदा गया. पूलना काय गया?"

आबा हसले. नंतर बाहेर येऊन ओट्यावर बराच वेळ बसले.

आता आम्ही नंदुरबारलाच राहतो, मिरच्या वाळत घालतात त्या पथारीपासून जवळ. हंगामात दारं लावून घ्यावी लागतात. मी शाळेत इंग्रजी शिकवते. मुलांना एका वेळी एकच वाक्य सांगते. पूल झाला, त्यावरून मोटारी जातात. आबा तो पाहायला गेले नाहीत. ते घरीच असतात, कुणाचं काही मोडलं तर दुरुस्त करून देतात, आणि त्यांना ऐकू येत नाही हे आता सगळ्या गल्लीला माहीत असल्यामुळे लोक त्यांच्याशी गरजेपेक्षा जास्त ओरडून बोलतात.

त्यांना मागून बोलवायचं तर हात लावावा लागतो. मी खांद्याला लावते, पाठीला लावते. कोपराला लावायचं टाळते. मागच्या आठवड्यात विसरले. ते पाणी पीत होते आणि मी मागून जाऊन डाव्या कोपराला बोट लावलं. पेला ओठांशी पोचायच्या आत थांबला. ते वळले नाहीत. समोर भिंतीकडे पाहत, पेला तसाच धरून, ते थांबून राहिले. मला काही महत्त्वाचं सांगायचं नव्हतं, माय जेवायला बोलावत होती इतकंच. पाणी पेल्याच्या कडेला थरथरत होतं. मग मला आठवलं, आणि मी कोपराला दोनदा बोट लावलं, आणि आबा उरलेलं पाणी प्याले.